वडिलांनाही मोफत वकील मिळतो

प्रश्न : मी टेम्पो चालवतो, महिन्याला अठरा हजार मिळतात. पत्नी मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली आहे. सात महिने मुलगी दिसलेली नाही. सरकारी वकील फक्त बायकांना मिळतो, असं सगळे म्हणतात. मी काय करू?

उत्तर : दादा, हा गैरसमज मनातून काढून टाका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, एवढाच फरक. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या पुरुषालाही मोफत वकील मिळतो. तुमचं सव्वादोन लाखांच्या आतच आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा अपंग अर्जदाराला तर उत्पन्नाची मर्यादाही नाही.

मुलीच्या ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज ती राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. म्हणून साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. आधार कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि आलेल्या नोटिसा सोबत न्या. आधी विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक फिरवा. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर देऊ नका, तिथेच तक्रार करा. सुरुवातीला भेटीचे दिवस ठरवून मागा. ते लवकर मिळण्याची शक्यता जास्त. पत्नी तयार असेल तर दावा दाखल होण्याआधीही तिथे समेटाची बैठक होऊ शकते.

आणि एक कळकळीने सांगते : शाळेच्या फाटकावरून मुलीला परस्पर उचलून आणू नका. लेक घाबरेल, आणि तेच न्यायालयात तुमच्याविरुद्ध जाईल.