माळावरची सफर आणि मळ्याची भेट

‘सफर’ हा शब्द मराठीच्या चांगल्याच परिचयाचा आहे. ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्याच शब्दाचे पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘सफारी’ असे रूप झाले. मूळ अर्थ केवळ प्रवास. पुढे मात्र रानातील जनावरे पाहण्यासाठी केलेला प्रवास, असा अर्थ त्याला चिकटला. टांझानिया देशात मोशी व अरुशा या शहरांच्या परिसरात येणारे प्रवासी थोड्याच दिवसांच्या मुक्कामात दोन गोष्टी पाहतात. कोरड्या गवताळ प्रदेशात ते वन्य प्राण्यांचा माग काढतात आणि किलिमांजारो किंवा मेरू पर्वताच्या उतारावर जाऊन शेतकऱ्याच्या घरी कॉफीचा मळा पाहतात. अशाच प्रकारची सफर बारामती व इंदापूर तालुक्यांत होऊ शकते काय, आणि तिच्यापासून येथील शेतकऱ्याला व मेंढपाळाला काय लाभ होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आफ्रिकेतील उदाहरण

किलिमांजारोच्या उतारावरील चग्गा शेतकरी केळीच्या सावलीत कॉफीची झुडपे लावतो. घराजवळ दोन-चार गुरे बांधून त्यांचे शेणखत तो बागेला देतो. डोंगरातील ओढ्यांचे पाणी पाटांनी वळवून बागेपर्यंत आणण्याची तेथील पद्धत फार जुनी आहे. मोशी येथील कॉफी उत्पादकांचा सहकारी संघ 1933 साली स्थापन झाला. सहकारी साखर कारखान्याचे सभासद असलेल्या शेतकऱ्यांना ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. प्रवासी या मळ्यात आला म्हणजे पिकलेली फळे तोडणे, साल काढणे, बी वाळवणे, भाजणे आणि कुटणे ही सर्व कामे तो पाहतो, काही स्वतः करतो, आणि शेवटी त्याच मळ्यातील कॉफी पितो. बाजारात पोत्याने विकल्या जाणाऱ्या मालाला येथे माहितीची व आतिथ्याची जोड मिळते आणि तिचे मोल शेतकऱ्याच्या हाती पडते.

दुसरे उदाहरण शेजारच्या केनिया देशातील आहे. मसाई मारा या प्रसिद्ध अभयारण्याच्या भोवती मसाई पशुपालकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. 2006 च्या सुमारापासून त्यांपैकी अनेकांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने दिल्या. जमीन न नांगरता, कुंपण न घालता मोकळी ठेवावी, आणि त्याबद्दल मालकास ठराविक भाडे मिळावे, असा हा व्यवहार आहे. नियम पाळून गुरे चारण्याची मुभाही बहुधा असते. गवताला किंमत आली म्हणून गवत राहिले, हा या व्यवहारातील बोध होय.

आपल्या भागाची ठेवण

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. वार्षिक पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बेभरवशाचा. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम पुढे येऊन 1885 साली पाणी सुटले, आणि या भागाचे दोन भाग पडले. कालव्याखालची जमीन बागायत झाली. तेथे ऊस आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याच्या पाण्याबाहेर राहिलेल्या गावांत मात्र ज्वारी-बाजरी, मेंढ्या आणि माळ हेच जीवनाचे साधन राहिले. म्हणजे किलिमांजारोच्या पायथ्याशी जशी कोरडी रानभूमी व भिजता मळा शेजारी शेजारी आहेत, तसाच माळ आणि मळा येथेही एका दिवसाच्या फेरीत पाहता येतो.

बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक असून ते मुख्यतः चिंकारा या हरणासाठी राखलेले आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील गवताळ प्रदेशांत वन विभागाने 2024 साली ‘गवताळ सफारी’ सुरू केली. स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून घेण्यात आले, ही त्यातील विशेष स्वागतार्ह बाब होय. याखेरीज भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण, डिकसळ व कुंभारगावच्या बाजूस, हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब इत्यादी पाणपक्षी येतात, आणि तेथील मच्छीमार आपल्या होड्यांतून पाहुण्यांना फिरवून उत्पन्न मिळवितात.

मळ्याच्या भेटीची परंपराही येथे नवी नाही. कृषी पर्यटनाचे पहिले प्रयोग ज्या ठिकाणी झाले, त्यांत बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे 2005 साली सुरू झालेल्या केंद्राची गणना होते. महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्याखाली केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

महसुली भाषेत ज्या जमिनीस ‘पडीक’ म्हटले जाते, ती वस्तुतः काम करीत असते. येथील माळाची माती उथळ असून खाली मुरूम लागतो. पवना, मारवेल, कुसळ यांसारख्या गवतांची मुळे ही माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरवितात, आणि मेंढ्यांना चारा देतात. असा माळ नांगरला म्हणजे पहिली एक-दोन वर्षे पीक बरे दिसते. नंतर वरची माती धुपून जाते आणि ना पीक ना गवत अशी अवस्था होते. त्याचप्रमाणे ‘झाडे लावणे ते सर्व चांगले’ या समजुतीने माळावर चर खणून ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे दाट लावणे हेही हितावह नाही. बोर, हिवर, बाभूळ अशी विरळ झाडे व मध्ये मोकळे गवत, हेच माळाचे स्वाभाविक रूप होय.

या मोकळ्या गवतावरच चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि ससा जगतात. चंडोल, धाविक, टिटवी व पखुर्डी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. माळ गेला की हे सर्व जाईल, आणि पाहुण्याला दाखविण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून सफरीचा धंदा करू इच्छिणाऱ्याने प्रथम माळ राखला पाहिजे. गवताचे बी गळून पडेपर्यंत चराई थांबवावी, पुढे पाळीपाळीने चारावे, आणि उन्हाळ्यापूर्वी वणव्याच्या बंदोबस्तासाठी जाळरेषा काढावी.

माग कसा काढावा

लांडगा प्रत्यक्ष दिसेलच, असे वचन पाहुण्यास कधीही देऊ नये. माळावरील खुणा वाचता येणे हीच सफरीतील मुख्य गोडी आहे, आणि ती विद्या येथील मेंढपाळांस पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. सूर्य तिरपा असतानाच ठसा स्पष्ट दिसतो. म्हणून पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. पुढील खुणा मार्गदर्शकाने पाहुण्यांस समजावून द्याव्यात.

1. लांडगा : ठसा कुत्र्यासारखाच, नखे उमटलेली. एकट्या ठशावरून निर्णय करू नये, चाल पाहावी. लांडगा वाटेने सरळ रेषेत जातो व मागचा पाय बहुधा पुढच्या ठशावरच ठेवतो; गावकुत्रे इकडेतिकडे भटकत जाते. विष्ठेत केस आढळतात.

2. तरस : पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा. हाडे खाल्ल्यामुळे विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते.

3. चिंकारा : लहान, टोकदार खुरांची जोडी. एकाच जागी पुनःपुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग सापडतो; त्यावरून नराचा टापू ओळखता येतो. हे हरीण पाल्यातील ओलाव्यावर बराच काळ पाण्यावाचून राहू शकते.

4. मांजर कुळातील प्राणी : ठशात नखे उमटत नाहीत.

लांडगा व चिंकारा या दोघांनाही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ठरलेली वाट सोडून गाडी नेणे, जनावरांचा पाठलाग करणे, रात्री दिव्याचा झोत टाकणे, त्यांना खाऊ घालणे या गोष्टी सर्वथा वर्ज्य होत. लांडग्याच्या गुहेची जागा पाहुण्यास दाखवू नये. वन विभागाच्या ताब्यातील क्षेत्रात त्या विभागाची परवानगी व नोंदणी असल्याखेरीज प्रवेश करू नये.

मळ्यात काय दाखवावे

आफ्रिकेत कॉफीचे जे स्थान, ते येथे ऊस, ज्वारी, पेरू व डाळिंब यांस देता येईल. हिवाळ्यात चालू असलेले गुऱ्हाळ हे पाहुण्यांना सर्वाधिक आवडते. चरकातून रस कसा निघतो, भेंडीच्या रसाने मळी कशी वर येते, काहिलीतील पाक केव्हा उतरवावा हे गुळव्या कसे ओळखतो, आणि ढेप कशी बांधली जाते, हे क्रमाने दाखवावे. रब्बी ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्थेतून पुढे सरकून मऊ असतात तेव्हा हुरडा तयार होतो; आगटीवर भाजलेली कणसे हातावर चोळून खाणे हा शहरातील मुलांना अपूर्व अनुभव असतो. हुरड्यासाठी ‘फुले मधुर’ सारखे वाण लावता येतात. इंदापुरातील पेरू व डाळिंबाच्या बागांत ठिबक सिंचन, छाटणी व बहार धरणे यांची माहिती द्यावी. मात्र औषध फवारलेल्या बागेत, फवारणीनंतरचा विहित काळ उलटेपर्यंत पाहुण्यांस फळे तोडू देऊ नयेत.

सफरीचा क्रम साधारणतः असा ठेवावा. पहिल्या दिवशी दुपारी मळ्यावर आगमन, गुऱ्हाळ व बाग पाहणे, रात्री बाजरीची भाकरी व पिठल्याचे जेवण. दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर माग काढणे, परतल्यावर हुरडा, दुपारी एखाद्या मेंढपाळाच्या वाड्यास त्याच्या संमतीने भेट, आणि सवड असल्यास सायंकाळी उजनीचे पक्षी. गूळ, ज्वारी, पेरू यांची विक्री शेवटी ठेवावी. जे डोळ्यांदेखत तयार झाले त्याची किंमत देताना पाहुणा घासाघीस करीत नाही.

मेंढपाळाचा वाटा

सफरीचे उत्पन्न केवळ बागायतदाराच्या पदरी पडले, तर हा उद्योग फार काळ टिकणार नाही. लांडगा पाहून पाहुणा आनंदित होतो. पण त्या लांडग्याची किंमत मेंढीच्या रूपाने धनगर मोजतो. एका रात्रीत दोन-तीन मेंढ्या गेल्या तर त्या कुटुंबाचे कंबरडे मोडते. अशा वेळी मेलेल्या मेंढीत विष घालण्याचा मोह होतो. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात तरस, गिधाड व राखणीचे कुत्रे हेही बळी पडतात.

यावर उपाय आहेत. रात्री कळप वाघुरीच्या आत बंदिस्त ठेवावा आणि कोकरांसाठी झाकलेली जागा करावी. मेंढी मारली गेल्यास ती जागेवरून हलवू नये. 48 तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे शासकीय नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. वन विभागाची 1926 ही दूरध्वनी सेवाही या कामी उपलब्ध आहे. सफरीच्या प्रत्येक फेरीतून मार्गदर्शकाची मजुरी वेगळी काढून ठराविक रक्कम गावनिधीत टाकावी. भरपाई हाती येईपर्यंत मेंढपाळास त्यातून उचल द्यावी. हा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा.

आणखी एक धोका गावातूनच माळावर जातो. कुक्कुटपालन केंद्रांतील मेलेले पक्षी व खानावळींचे उरलेले अन्न उघड्यावर टाकले जाते. त्यावर मोकाट कुत्री पोसतात आणि लांडगेही तेथे येतात. कुत्र्यांपासून लांडग्यांस पिसाळी व डिस्टेंपर हे रोग लागू शकतात. पुणे परिसरातील लांडग्यात कुत्र्याचा संकर झाल्याचे जनुकीय अभ्यासातून 2023 साली सिद्ध झाले. हा संकर वाढत गेला तर माळावर फिरणारे जनावर लांडगा उरणार नाही. म्हणून मेलेले पक्षी चुन्यासह खोल पुरावेत आणि राखणीच्या प्रत्येक कुत्र्यास लस टोचून घ्यावी.

उपसंहार

हा उद्योग शेतीची जागा घेणारा नव्हे; हिवाळ्याच्या चार महिन्यांत शेतीला मिळणारी ती जोड आहे. आरंभी मोठ्या इमारती बांधून कर्ज करू नये. स्वच्छ शौचकूप, पिण्याचे निर्मळ पाणी, दोन खोल्या आणि गोड शब्द एवढ्या साधनांवर सुरुवात करावी. पहिल्या हंगामाचा जमाखर्च नीट लिहून मगच पुढचे पाऊल टाकावे.

कालव्याने मळ्याचे मोल वाढविले, तेव्हा माळाला कोणी मोल दिले नाही. आज दोन-तीनशे एकर गवत शिल्लक असलेल्या गावापुढे ते नांगरावे की राखावे, असा प्रश्न आहे. एकदा नांगरलेला माळ पुन्हा पूर्ववत होण्यास एका पिढीचा काळही पुरत नाही, हे ध्यानी घेऊन शेतकरी बंधूंनी आपल्या ग्रामसभेत या प्रश्नाचा निर्णय विचारपूर्वक करावा.