क्षयरोगाचा उपचार : गोळ्या त्याच, गुण वेगळा का?

औषध तेच, गोळ्या तितक्याच; तरीही एक क्षयरोगी सहा महिन्यांत ठणठणीत होतो आणि दुसरा पुन्हा खोकत दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. असे का होते, याचा विचार आपण करू.

मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. सॅनेटोरियममध्ये विश्रांती व सकस आहार होता, घरी दोन्हींची वानवा. तरी वर्षअखेर दोन्हीकडे गुण जवळजवळ सारखाच आला. गरिबाघरी क्षय बरा होत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

मग आहाराला महत्त्वच नाही काय? तसे नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांना उपचारासोबत दरमहा तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल देण्यात आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. जंतू गोळ्यांनीच मरतात; पण तोवर तग धरण्याइतके रक्तमांस अंगी हवे. म्हणून दरमहा वजन करावे.

खरी कसोटी दोन महिन्यांनंतर लागते. खोकला थांबतो, भूक लागते, बुडालेली रोजंदारी आठवते आणि गोळ्या सुटतात. दडून राहिलेले जंतू मारण्यासाठीच पुढचे चार महिने असतात, हे रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, हेही नाही. रक्त जाते आहे असे समजून तो घाबरतो, आणि आपण त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होतो! एकही गोळी न चुकवता गुण येत नसेल, तर जंतूच औषधाला दाद देत नसतील. थुंकी पुन्हा तपासावी. मधुमेह, एचआयव्ही व दारूचीही चौकशी करावी.

सर्वांत अवघड लाज. सून गोळ्या पिठाच्या डब्यात लपवते, कारण कळले तर माहेरी धाडतील ही भीती. आम्हांस वाटते, सभासदांनी प्रथम अशा घरी जावे. निक्षय पोषण योजना २०१८ साली दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. पैसे बँकेत जमा होतात. सुनेच्या नावे खाते नसेल, तर सोबत जाऊन ते उघडून द्यावे.