मापाचे चमचे : नेहमीच्या चारांपलीकडे

घरी खाद्यपदार्थ तयार करून विकणाऱ्या भगिनींची एक तक्रार वारंवार कानावर येते. कृती तीच, हातही तोच, मग माल दर वेळी वेगळा का उतरतो? मैदा बदलला, तूप बदलले, भट्टी नीट तापली नाही, अशी कारणे सांगितली जातात आणि काही वेळा ती खरीही असतात. परंतु एका वस्तूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे मापाचा चमचा. काटा घेताना आपण दहा दुकाने फिरतो, चमच्यांचा संच मात्र कपांबरोबर येईल तो घेतो. हे चमचे कसे निवडावेत, विशेषतः नेहमीच्या संचात नसणारी मापे कोणी व केव्हा घ्यावीत, याचा या लेखात विचार करू.

प्रथम आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. आमच्या भाभी ईदच्या सुमारास नानकटाईच्या ऑर्डरी घेतात. त्यांची कृती एक किलो मैद्याची असून त्यात खायचा सोडा सपाट अर्धा चमचा पडतो. एकदा पाव किलो मैद्याची लहान ऑर्डर आली. तूप, साखर, रवा सगळे काट्यावर चौथा हिस्सा घेतले. सोडा मात्र अर्ध्या चमच्याचा चौथा हिस्सा, म्हणजे चमच्याचा आठवा भाग हवा होता आणि तेवढे माप घरात नव्हते. त्यांनी पाव चमच्याचे माप घेऊन अंदाजाने निम्मे भरले. अंदाज जास्तीकडे गेला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बाई डबा घेऊन दारात उभ्या! "आपा, रागावू नका, पण याला साबणासारखी चव येतेय." पैसे परत केले आणि नवा घाणा करून देण्याचे कबूल केले. त्या घाण्याला भाभींनी भीतीपोटी हात आखडता घेतला, तर नानकटाई दडस झाली, वर भेगासुद्धा पडल्या नाहीत. ते घर पुन्हा ऑर्डर द्यायला आले नाही. त्यांनी आणखी किती जणींना सांगितले असेल, याचा हिशेब कुठल्या वहीत मिळणार?

निम्मा चमचा निम्मा नसतो

भाभींचा दुसरा घाणा का बिघडला, हे समजून घेण्यासारखे आहे. पाव चमच्याचे माप बहुधा वाटीसारखे गोल असते. अशा अर्धगोलाकार मापात माल अर्ध्या उंचीपर्यंत भरला, तर डोळ्याला निम्मे दिसते. प्रत्यक्षात त्यात पूर्ण मापाच्या जेमतेम ३१ टक्केच माल मावतो. कारण वाटी तळाशी अरुंद असते, खरा माल वरच्या रुंद भागात बसतो. म्हणजे हवे होते त्याच्या सुमारे ६२ टक्केच सोडा पडला. उलट पहिल्या वेळी चमच्याच्या एका बाजूला ढीग राहिला आणि 'निम्मे' जवळजवळ पूर्ण मापाइतके झाले. एकाच बाईने, एकाच चमच्याने, एकच शब्द मनात धरून दोनदा मोजले आणि दोन वेळा दोन वेगळी मापे निघाली.

सरळ उभ्या कडांचे, तळ सपाट असलेले डबीसारखे माप असेल, तर अर्ध्या उंचीला खरोखर निम्मा माल बसतो. असे चमचे क्वचित मिळतात. नसेल तर पूर्ण सपाट भरलेला पाव चमचा कोरड्या ताटलीत उलटा करावा, सुरीने सारखी पट्टी करून मधोमध दोन भाग करावेत व एक भाग उचलावा. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे पुष्कळ बरे. पण रोज चार घाणे काढणाऱ्या बाईला इतका वेळ नसतो.

चार चमचे आणि त्यांच्यामधल्या फटी

बाजारातील साध्या संचात चार चमचे असतात. पाव चहाचा चमचा १.२५ मि.लि., अर्धा २.५ मि.लि., पूर्ण ५ मि.लि. आणि मोठा चमचा १५ मि.लि. घरच्या रोजच्या स्वयंपाकाला एवढे पुरते. ऑर्डर आली की कृती निम्मी, पाव, दीडपट किंवा तिप्पट करावी लागते आणि तेथेच फटी उघड्या पडतात. एक फट पाव चमच्याच्या खाली आहे, तर दुसरी ५ आणि १५ मि.लि.च्या मध्ये.

आपल्या जुन्या मापांत अशी फट नव्हती. शेराचा निम्मा अर्धा शेर, त्याचा निम्मा पावशेर, पावशेराचा निम्मा अदपाव म्हणजेच नवटाक, आणि त्याचा निम्मा छटाक. धान्याच्या मापातही दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, अशी निम्म्या-निम्म्याची उतरंड होती. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, हिशेब सोपा झाला, ते योग्यच झाले. पण चमच्यांच्या संचात ही उतरंड पाववर येऊन थांबते. अदपाव नाही, छटाकही नाही.

म्हणून वेगळ्या मापाचा एकच चमचा घ्यायचा असेल, तर तो चमच्याच्या आठव्या भागाचा, म्हणजे ०.६२५ मि.लि.चा घ्यावा. दुकानात त्यावर ०.६ मि.लि. असेही लिहिलेले आढळेल. कृती निम्मी करताना पावाचे निम्मे याच चमच्याने मिळते. पाऊण चमच्याचे निम्मे हवे असेल, तर पाव आणि हा मिळून हिशेब बसतो. सोडा, जायफळ पूड, लवंगेची पूड, हिंग, सुंठ असे थोड्याने चव बिघडवणारे जिन्नस याच मापाच्या आसपास असतात.

नेहमीच्या चमच्यांमधल्या फटींसाठी तीन मापे मिळतात. पाऊण चमचा (३.७५ मि.लि.), दीड चमचा (७.५ मि.लि.) व दोन चमचे (१० मि.लि.). तीन चहाच्या चमच्यांचा एक मोठा चमचा होतो, हे लक्षात ठेवले की त्यांचा उपयोग कळतो. मोठ्या चमच्याचे निम्मे म्हणजे दीड चमचा आणि चौथा हिस्सा म्हणजे पाऊण चमचा. ही मापे नेहमीच्या चारांतूनही जुळवता येतात. अर्धा आणि पाव मिळून पाऊण झालाच. मग वेगळा चमचा कशाला? याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. दोनदा, तीनदा भरताना मोजणी चुकते. मूल रडले, दारावर दूधवाला आला, फोन वाजला, आणि "दुसरा चमचा घातला की नाही?" हा प्रश्न उभा राहिला. मीठ आणि सोड्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर चाखूनही वेळेवर मिळत नाही. तेव्हा जी कृती आठवड्यातून पाच वेळा होते, तिच्यात पाऊण चमचा येत असेल तर पाऊणचा चमचा घ्यावा. येत नसेल तर तो डब्यात पडून राहील. एक तृतीयांश व दोन तृतीयांश चमच्यांचे संचही विकले जातात. माझ्या मते आपल्याकडच्या कामात त्यांची गरज फारशी पडत नाही.

लहान चमच्यांचे आणखी संच मिळतात, ज्यांवर 'डॅश', 'पिंच', 'स्मिजन' अशी इंग्रजी नावे कोरलेली असतात. साधारणपणे ते अनुक्रमे चमच्याचा आठवा, सोळावा आणि बत्तिसावा भाग मानले जातात. तथापि ही नावे म्हणजे कायद्याने ठरवलेली मापे नव्हेत, आणि कारखानदारागणिक फरक पडू शकतो. ज्या चमच्यावर मि.लि.चा आकडा नाही, तो कितीही सुबक असला तरी व्यवसायासाठी घेऊ नये.

परदेशातून आलेला संच

कोकणातल्या व इतर भागांतल्या कित्येक घरांत परदेशी गेलेली मंडळी अशा वस्तू घेऊन येतात. तेथे एक सावधगिरी हवी. ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा १५ नव्हे, तर २० मि.लि.चा, म्हणजे चार चहाच्या चमच्यांचा असतो. अमेरिकेचा मोठा चमचा १४.८ मि.लि.चा असतो, आपल्या १५ च्या इतका जवळ की फरक सोडून द्यावा. कपांत मात्र गोंधळ जास्त आहे. अमेरिकी कप सुमारे २३७ मि.लि., दशमान कप २५० आणि जपानी २०० मि.लि. एका संचातील कप व दुसऱ्या संचातील चमचे मिसळून वापरले, तर कृतीचे प्रमाण बिघडते आणि दोष मात्र मैद्यावर जातो.

तपासून पाहण्याची पद्धत

चमच्यावर ५ मि.लि. लिहिले म्हणून तो ५ मि.लि.चा असेलच असे नाही. तपासणी सोपी आहे. औषधाच्या दुकानातून ५ मि.लि.ची बिनसुईची सिरिंज आणावी, ५ च्या रेघेपर्यंत पाणी ओढावे आणि चमचा काठोकाठ भरावा. पाणी काठावर फुगून उभे राहते, म्हणून एका चमच्यावर निर्णय देऊ नये. काटा असेल तर सपाट दहा चमचे पाणी वाटीत ओतून वजन करावे. ते ५० ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे. अदपाव चमच्यासाठी सिरिंजमधले ५ मि.लि. पाणी आठ वेळा पुरले की माप बरोबर. याच रीतीने मसाल्याच्या डब्यातला एखादा जुना लहान चमचाही मोजून ठेवता येतो. तो नेमका अदपाव निघाला, तर नवीन घेण्याचे कारणच नाही.

तपासलेला चमचाही भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. शीग लावून भरलेला आणि सुरीच्या पाठीने सपाट केलेला चमचा यांत कधी कधी दीडपट फरक पडतो. अमेरिकेतील फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या बोस्टन कुकिंग स्कूलच्या पाकपुस्तकात सपाट मापांचा आग्रह धरला, आणि पुढे तिकडे तोच रिवाज पडला. आपल्याकडे शीग म्हणजे बरकत, असे वाटते. गिऱ्हाइकाला धान्य मोजून देताना ते ठीक आहे, सोडा मोजताना नाही.

आकारही पाहावा. गोल चमचा बरणीच्या अरुंद तोंडातून आत जात नाही, मग जिन्नस बरणीवरूनच चमच्यात ओतला जातो आणि सांडतो. लांबट, निमुळता चमचा मसाल्यांसाठी सोयीचा. ओट्यावर ठेवल्यावर जो कलंडत नाही, तो अर्क व तेलासाठी हवा. आकडा छापलेला नसून कोरलेला असावा, छापील आकडे घासून जातात. दांडा जोडलेला असेल, तर जोड चिमटीने हलवून पाहावा.

चमचा कुठे थांबतो

आता काट्याविषयी. एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा घरगुती काटा मोठ्या वजनाला उत्तम असला, तरी अदपाव चमचा सोड्याचे वजन सुमारे अर्धा-पाऊण ग्रॅमच भरते. काटा ते शून्य दाखवील किंवा एक. म्हणून पाच ग्रॅमच्या आतले जिन्नस चमच्याने व त्यावरचे काट्याने, असा ढोबळ नियम मी सुचवीन. ऑर्डर वाढून मीठ किंवा तिखट दहा-बारा चमच्यांवर गेले, की चमचा खाली ठेवावा. शिवाय एकाच मापात प्रत्येक जिन्नस वेगळा तुलतो. एका चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम, साखर ४, हळद ३ ग्रॅमच्या आसपास. जाडे मीठ आणि बारीक मीठ यांतही फरक पडतो, हे लोणची करणाऱ्या भगिनींना माहीत असेलच.

केशरासारख्या महाग जिनसाला सगळ्यात लहान चमचाही चालत नाही, कारण काड्या मापात नीट बसत नाहीत. तेथे युक्ती करावी. एक ग्रॅमची सीलबंद डबी खलून १०० मि.लि. कोमट पाण्यात भिजवावी. मग त्या पाण्याचे दोन चमचे म्हणजे एक दशांश ग्रॅम केशर झाले. बिर्याणीच्या चार पातेल्यांना सारखा रंग व वास देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. हे पाणी त्याच दिवशी संपवावे. लोणचे टिकवण्यासाठी घालायची रसायने मात्र चमच्याने मोजूच नयेत. तेथे किलोमागे ग्रॅमच्या अंशाचा प्रश्न असतो आणि तो खाणाऱ्याच्या आरोग्याशी निगडित आहे. त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटाच हवा. तसेच मसाल्याच्या पाकिटावर जे निव्वळ वजन लिहायचे, ते वैध मापनशास्त्र कायदा, २००९ प्रमाणे पडताळणी करून शिक्का मारलेल्या काट्यावर भरावे लागते. तेथे चमच्याचा हिशेब चालत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी आपली कृतींची वही उघडावी. जास्त खपणाऱ्या पाच पदार्थांची निम्मी, दीडपट व दुप्पट प्रमाणे कागदावर काढावीत आणि कोणते माप किती वेळा येते ते पाहावे. आमच्या भाभींच्या यादीत अदपाव सात वेळा आला, पाऊण चार वेळा, बाकीची मापे एकदाही नाहीत. त्यांनी ते दोनच चमचे घेतले, पाण्याने मोजून पाहिले आणि वहीत 'चिमूटभर', 'थोडासा' असे जिथे जिथे लिहिले होते, तिथे तिथे लाल शाईने मि.लि.चा आकडा घातला.