उपपद आणि माणूस

चि. भाचीस,

तुझे पत्र पावले. 2004 साली तोक्योच्या कोतो भागात भारतीय शाळा निघाली, त्या परिसरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतील मुले आणि त्यांच्यासोबत एखाददुसरा जपानी विद्यार्थी संध्याकाळी तुझ्याकडे इंग्रजी शिकावयास येतात, हे वाचून संतोष झाला. परंतु व्याकरणाला एक वार आणि पात्रांच्या स्वभावाला दुसरा, अशी जी वाटणी तू केली आहेस, ती मोडावीस, अशी माझी आग्रहाची मसलत आहे.

उपपद मराठीत नाही, जपानीतही नाही. म्हणून दोन्हीकडची मुले 'अ' आणि 'द' यांचे नियम घोकतात आणि लिहिताना नेमके तेच गाळतात. त्यांच्यापुढे शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील न्यायसभेचा प्रवेश ठेव. ड्यूक आपल्या विनंतीचा आरंभ ज्यू सावकार शायलॉकच्या नावाने करतो आणि शेवट मात्र 'ज्यू' या संबोधनाने. वकिलाच्या वेशातील पोर्शिया येताच व्यापारी कोणता आणि ज्यू कोणता, असे विचारते, आणि नाव विचारून घेतल्यावरही त्याचा उल्लेख वारंवार 'द ज्यू' असाच होत राहतो. ज्या उपपदाला मुले क्षुल्लक समजतात, तेच येथे एका मनुष्याचे नाव काढून घेऊन त्याला जमातीत कोंडते, हे एकदा ध्यानी आले, की नियम वेगळा घोकावा लागत नाही.

'शायलॉक दुष्ट आहे' असे कुणी लिहिले, तर ते खोडू नकोस. कोणत्या वाक्यावरून, एवढेच विचार. फैसल्याआधी पुरावा, हा शिरस्ता वाचनातही पाळावा. सुडाचा पुरावा मिळेल, तसा अपमानाचाही मिळेल, आणि दोन्ही एकत्र मांडावे लागले म्हणजे मुलगा विशेषणांवर विसंबणे सोडील.

हा मार्ग नवा नाही. आगरकरांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' मराठीत आणावयास घेतले, आणि लंडनहून परतलेल्या जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकींनी 1903 पासून तोक्योच्या विद्यापीठात शेक्सपिअर शिकविला. परभाषेतील मनुष्य तिच्या वाक्यांतूनच ओळखावा लागतो, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते.

तुझी मुले परमुलुखात वाढत आहेत. नावाऐवजी देशावरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागणार नाही. त्या जाणिवेला अचूक वाक्य लाभावे, एवढ्याचसाठी व्याकरण शिकव, आणि घाई करू नकोस.

तुझा,
मामा