आजचा पाठ : पोटाचा घेर



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्यातले तीन-चार जण भिंतीला धरूनच उठले. आपण हसलो. पण ती हसण्याची गोष्ट नव्हती.

"आमच्याकडे कोणी जाड नाही" असं बरेच जण म्हणतात. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचंच माप छापलं. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखं, बीएमआय 22.3. पण अंगात चरबी युडकिनांच्या 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! आपली चरबी काट्याला फसवते, पोटात लपते. तिथं ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाही; मग साखर, बीपी, लिव्हर, हृदय.

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांचं 90 सेंमी, बायकांचं 80 सेंमीच्या वर गेलं की साखर-बीपी तपासून घ्या.

बुऱ्हाणपुरात राहून मावा जलेबी सोडा, असं आम्ही म्हणणार नाही (आमच्याच्यानं होणारही नाही). पण एकादशीला साबुदाणा, बटाटा, दाणे पोटभर खाल्ले तर तो उपास कुणाचा? प्रसाद कणभरही पुरतो. दुसरा द्रोण जीभ मागते.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, गोळीही बंद करू नये.

येत्या गुरुवारी टेप ठेवतो आहोत. बायकांसाठी आतल्या खोलीत.