मधल्या फळीतला कर्णधार

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते, गोल अडविणाऱ्याचेही कौतुक होते. या दोघांच्या मध्ये खेळणाऱ्याचे काम मात्र नवख्या प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही. बचावफळीकडून चेंडू घ्यावयाचा, कोणता सहकारी कोठे आहे हे आधीच हेरून ठेवावयाचे, योग्य क्षणी त्याच्या पायाशी चेंडू पोहोचवावयाचा आणि चेंडू गमावताच तो परत मिळविण्यासाठी धावावयाचे, हे मधल्या फळीचे काम. वसतिगृहातील आमच्या मुलांनी अशा एका खेळाडूची कारकीर्द अभ्यासावी, असे आम्हांस वाटते. त्यांचे नाव एदू बेदिया.

बेदिया यांचा जन्म १९८९ साली उत्तर स्पेनमधील सांतांदेर या बंदराच्या शहरी झाला. तेथील रासिंग क्लबात ते घडले. पुढे ते बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघातून खेळले. पहिल्या संघाचे दार मात्र त्यांच्यासाठी उघडले नाही. २०१७ साली, अठ्ठावीस वर्षांचे असताना, ते एफसी गोवा संघात दाखल झाले.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना गोव्याने गमावला. बंगळुरूसाठी जादा वेळेत निर्णायक गोल करणारे राहुल भेके हे मुंबईचेच. पुढच्याच महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला. २०१९-२० च्या हंगामात साखळीत अग्रस्थान मिळवून हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

१४ एप्रिल २०२१ रोजी, कोरोनामुळे आपण घरोघरीच जयंती साजरी करीत होतो, त्या दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोव्याने कतारच्या अल रय्यान संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले. २० एप्रिलला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध बेदियांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. त्या गटसाखळीत भारतीय क्लबाने केलेला हा पहिला गोल. सामना १-२ असा हातचा गेला, तरी नोंद राहिली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगविरुद्ध जादा वेळेत त्यांच्याच फ्री किकने गोवा १-० असा विजयी झाला. १८८८ पासूनची ही स्पर्धा आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा मानली जाते. तो चषक बेदियांनी कर्णधार म्हणून स्वीकारला.

इतिहासाचा अभ्यासक येथे थबकतो. सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसाच्या दंडावर गोव्याने कर्णधाराची पट्टी बांधली. त्याची भाषा वेगळी, देश वेगळा. पाहिला गेला तो त्याचा खेळ आणि सहकाऱ्यांचा विश्वास. आता शंभर वर्षे मागे जाऊ. पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु चर्मकार कुळात जन्मलेल्या या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे ते १९२३ साली आले. बाळू यांनी पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी केली. तो मतभेद आपण जाणतो. पण त्यामुळे त्यांच्यावरील अन्याय लहान होत नाही. संघात घेणे आणि नेतृत्व सोपविणे यांत अंतर असते. ते अंतर जेथे मिटते, तेथे समतेचा खरा पुरावा मिळतो.

आंबिवली-मोहने परिसरातील पालकांनी एनआरसी कारखाना बंद पडलेला पाहिला आहे. मुलाने स्थिर नोकरीची वाट धरावी, खेळात वेळ दवडू नये, ही त्यांची चिंता आम्ही अनाठायी मानीत नाही. खेळाडू म्हणून चरितार्थ चालविणारे थोडेच असतात. तथापि एक दार बंद झाल्यावर दुसऱ्या देशी जाऊन कसब सिद्ध करणे आणि स्वतः मागे राहून दुसऱ्यास पुढे धाडणे, हे मैदानावरचे शिक्षण कचेरीतही उपयोगी पडते, चळवळीतही. म्हणून मैदानाचा तास गणिताच्या जादा वर्गासाठी कापला जाऊ नये, आणि कर्णधार निवडताना मुलाचे आडनाव विचारले जाऊ नये, एवढा आग्रह आम्ही धरतो.

विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय : पुढचा सामना पाहताना दहा मिनिटे चेंडूवरील नजर काढून केवळ मधल्या फळीतील एका खेळाडूकडे पाहावे. तो चेंडूविना किती वेळा धावला, कोणाला हाक दिली, कोणाची चूक सावरली, हे वहीत लिहावे आणि मग वर्गात सांगावे, की कर्णधार कोणाला करावे.