खुराड्यातलं अंथरूण, उकिरडा आणि कीड

कोंबड्यांना जंत झाले किंवा खुराड्यात पिसवा पडल्या की चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, अंथरुणातला सगळा तूस बाहेर काढून पेटवून द्या. दुसरा म्हणतो, उकिरड्यावर टाका, कुजला की सगळं आपोआप मरतं. दोन्हींत नुकसानच आहे, पण दुसरा सल्ला जास्त फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. कोंबडीची विष्ठा आणि धानाचा तूस यांचं उत्तम खत होतं यात वाद नाही. वाद एवढाच, की कीड मारायची तर ढीग तापावा लागतो, आणि आपला नेहमीचा उकिरडा कुजतो तरी तापतोच असं नाही. दुसरी गोष्ट अशी, की खुराड्यातली सगळी कीड अंथरुणात राहत नाही. ढीग कितीही तापवला तरी फटीत बसलेल्या किडीला त्याची झळ लागत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की माणूस खत तरी वाया घालवतो नाहीतर कोंबड्या.

म्हणून आधी कोण कुठे राहतं ते पाहू. पिसांतल्या उवा जन्मभर कोंबडीच्या अंगावरच असतात. खाली पडलेली ऊ आठवडाभरात मरते. तिच्यासाठी अंथरूण बदलून काही साधत नाही, इलाज कोंबडीवर करायचा. तांबड्या माइटचं उलट आहे. ती रात्री दांड्यावर बसलेल्या कोंबडीचं रक्त पिते आणि उजाडायच्या आत फटीत शिरते. कोंबडीला लागणारी मऊ पाठीची गोचीडही तशीच. दिवसा लाकडाच्या सालीखाली, मातीच्या भेगांत दडते आणि उपाशीपोटी वर्ष-वर्ष काढते. आपलं खुराडं म्हणजे या दोघींना आयतं घर: बांबूच्या तट्ट्या, शेणामातीनं लिंपलेला कूड आणि बसायला आडवा बांबू, त्याची दोन्ही तोंडं उघडी. हा बांबू दिवसा काढून पांढऱ्या कपड्यावर ठोकून पाहा. राखाडी भुकटी पडते आणि थोड्या वेळानं ती भुकटी चालायला लागते. रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या खालच्या अंगानं फडकं फिरवलं तर त्यावर रक्ताचे तांबडे ओरखडे उठतात. एवढी परीक्षा केल्याशिवाय अंथरुणाला दोष देऊ नये. परीक्षेत माइट निघाली तर कामही त्याच जागी करायचं: बांबूऐवजी सोललेलं गुळगुळीत लाकूड, फटींत उकळतं पाणी, मग भेगा बुजवून चुन्याचा हात. उन्हाळ्यात माइटची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून सात दिवसांनी हेच सगळं पुन्हा करायचं. कोंबड्या महिनाभर दुसरीकडे हलवून खुराडं मोकळं ठेवलं की कीड उपाशी मरेल हा हिशोब चुकीचा आहे. गारव्यात ही माइट न खाता सात-आठ महिनेसुद्धा तगते, गोचिडीचं तर विचारूच नका.

जंतांचा मुक्काम मात्र खरोखरच अंथरुणात असतो. आतड्यातल्या गोल जंताची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की दहा-पंधरा दिवसांत आत अळी तयार होते आणि मग ते अंडं सावलीतल्या ओल्या मातीत कित्येक महिने जिवंत राहतं. रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या, सूक्ष्म जंतूला तर एक-दोन दिवस पुरतात, आणि फिनाइलनं त्याचं काही बिघडत नाही. पाण्याच्या भांड्याभोवतीचं चिकट झालेलं अंथरूण हे या सगळ्यांचं माहेर. आता हेच अंथरूण काढून सांदवाडीतल्या उकिरड्यावर टाकलं तर काय होतं? कोंबडी दिवसभर उकिरडाच उकरते. खुराड्यात जे नकळत पोटात जात होतं ते आपण तिला मोकळ्यावर वाढून ठेवतो. चपट्या जंताची अंडी मुंग्या आणि भुंगेरे खातात, त्यांना कोंबडी खाते. आंधळ्या आतड्यातल्या बारीक जंताची अंडी गांडुळाच्या पोटात टिकून राहतात आणि गांडूळ तर कोंबडीचा आवडता घास. साफसफाई करूनही महिन्या-दोन महिन्यांनी पिल्लं पुन्हा खंगायला लागतात, त्याचं कारण बहुतेक वेळा इथं सापडतं.

ढिगाचं गणित अवघड नाही. पोटात ५५ अंशांच्या वर उष्णता गेली आणि काही दिवस टिकली की ही अंडी मरतात. माइट तर ४५ अंशांच्या पुढेच संपते. पण ढिगाचा गाभा तापतो तेव्हा कडा गारच असतात, आणि कीड कडेला सरकते. म्हणून ढीग उलथवावा लागतो, कडेचं आत आणि आतलं कडेला. मैलागाळाच्या खतासाठी अमेरिकेत घातलेला नियम असा आहे: उघड्यावरच्या ढिगात ५५ अंश उष्णता किमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ. कोंबडीखतासाठी तो कोणी आपल्यावर लादलेला नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्डनं खताची जी पद्धत बसवली तिच्यातही ढीग उलथण्याला महत्त्व होतं. आपल्या विदर्भात जास्त रुजली ती पुसदच्या ना. दे. पांढरीपांड्यांची नाडेप पद्धत. शेतातला काडीकचरा आणि थोडक्या शेणात भरपूर खत, हे तिचं मोठेपण मान्यच आहे. पण नाडेपचं टाकं एकदा भरून लिंपलं की उलथायचं नसतं, आणि हवेसाठी ठेवलेल्या भोकांजवळचा थर गाभ्याइतका तापत नाही. जंतांनी भरलेल्या अंथरुणाला हे टाकं थेट वापरू नये असं माझं मत आहे. गांडूळखताच्या वाफ्याबद्दल तर मत द्यायचीही गरज नाही: तिथं ५५ अंश गेले तर गांडुळंच मरतील. आधी ढिगात तापवा, निवू द्या, मग हवं तर टाक्यात किंवा वाफ्यात न्या. या क्रमाला कोणाचीच हरकत नसावी.

इथं एक आक्षेप रास्त आहे. ज्याच्या घरी आठ-दहा कोंबड्या त्याचा ढीग तापणार कसा? एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे दहा कोंबड्यांची महिन्याला तीसेक किलो. ढीग तापायला लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी किमान तीन फूट लागतात. एकट्या खुराड्याच्या अंथरुणात ते होत नाही. त्यात गोठ्यातलं शेण, ओला पाला आणि बारीक केलेली तणस घालावीच लागते, किंवा चार घरांनी मिळून एक ढीग करावा. बचत गटाच्या कोंबड्या असतील तर ते आणखी सोपं. नुसता तूस मात्र भर म्हणून चालत नाही. त्यात सिलिका फार, तो लवकर कुजत नाही, आणि अंथरुणात आधीच तो भरपूर असतो. ओल किती? मूठभर घेऊन दाबलं तर लाडवासारखं टिकावं, पण बोटांतून पाणी गळू नये. अमोनियाचा उग्र वास आला तर तणस वाढवा. दोन-तीन दिवसांत ढीग गरम झाला नाही तर बहुधा तो कोरडा आहे, पाणी शिंपून उलथा. तापमापक नसेल तर लोखंडी सळई गाभ्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. अचूक मोजमाप हे नव्हे, पण तापलेला आणि न तापलेला ढीग यांतला फरक तेवढ्यानं कळतो.

चंद्रपूरकर हमखास म्हणतो, एवढी उठाठेव कशाला, आमचं मे महिन्याचं ऊनच पुरेसं आहे. पारा ४६-४७ वर जाणाऱ्या मुलखात हे म्हणणं अगदीच फेटाळता येत नाही. कडक ऊन आणि कोरडेपणा जंताच्या अंड्याला मारकच. अंथरूण दोन बोटं जाडीच्या थरात फरशीवर पसरलं, रोज वरखाली केलं, तर पुष्कळ काम होतं. पण आपण तसं पसरत नाही, ढिगारा करतो. ढिगाऱ्याचा वरचा थर भाजतो, सावलीतला खालचा ओलसर थर शाबूत राहतो, आणि कोरडा पडलेला ढीग स्वतःही तापत नाही. शिवाय पसरलेल्या अंथरुणावर कोंबड्या येणारच. उन्हाचा खरा उपयोग खुराड्याच्या सुट्या सामानाला आहे: दांडे, डाली, अंडी घालायच्या टोपल्या काळ्या प्लॅस्टिकखाली दुपारभर ठेवाव्यात.

जाळण्याविषयी थोडक्यात. जाळलं की नत्र उडून जातं, मागे राख उरते. ती कोंबड्यांच्या धुळीच्या अंघोळीला कामी येते, पण तेवढ्यासाठी खत कोण जाळतं? आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे वणव्याचा हंगाम. जंगलाला लागून असलेल्या गावात तुसाचा धुमसता ढीग रात्रभर सोडणं हा शहाणपणा नाही. अंथरुणावरच गोचिडीचं औषध फवारणं हा त्याहून वाईट प्रकार. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं खुराड्याच्या रिकाम्या भिंतींसाठी, पशुवैद्यकानं सांगितलेल्या मात्रेत ठीक आहेत. अंथरुणात ती गेली तर जंताच्या अंड्याला काही होत नाही, आणि ते अंथरूण पावसानं वाहून बोडीत किंवा मामा तलावात उतरलं तर मासे मरतात. या औषधांइतकं माशाला जहाल फार थोडं असतं. ज्या तलावावर गावातल्या ढिवरांचं पोट आहे त्याच्या वरच्या अंगाला असला ढीग नको. म्हणून आधी अंथरूण काढायचं, मग रिकामं खुराडं फवारायचं.

आणखी एक युक्तिवाद जुन्या शेतकऱ्यांकडून येतो आणि तो मला पटतो. कोंबडीचा जंत धानाला लागत नाही, मग न कुजवता थेट बांधीत टाकलं तर बिघडलं काय? शेत गावापासून लांब असेल, तिथं कोंबड्या चरत नसतील आणि रोवणीच्या बऱ्याच आधी नांगरून मातीआड केलं, तर फारसं बिघडत नाही. पऱ्ह्यांत मात्र नको, ताज्या विष्ठेतला अमोनिया कोवळ्या रोपांना जाळतो. भाजीच्या वाफ्याचा प्रश्न वेगळा. तिथं जंतापेक्षा साल्मोनेलासारख्या जिवाणूंची भीती, आणि सांबार, मुळा आपण कच्चा खातो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चं खत आणि काढणी यांत १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलं आहे. सांबार त्याच्या निम्म्या दिवसांतच काढून होतो, तेव्हा त्याच्या वाफ्यात फक्त तापवून मुरवलेलंच खत घालावं.

हे सगळं कधी करायचं, यात आपल्या मुलखाचं वेळापत्रक बघावं लागतं. मार्च-एप्रिलला मोहा, मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा घरी ढीग उलथायला माणूस नसतो. पावसाळ्यात ढीग भिजून आंबतो. धान निघाल्यावर तणस हाताशी असते, विहिरीला पाणी असतं, तेव्हा दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सगळ्यांत सोयीचे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचं औषध घेऊन आधी कोंबड्यांना द्यावं, दोन-तीन दिवस त्यांना खुराड्यातच ठेवावं म्हणजे पडणारे जंत आणि अंडी एका जागी राहतील, आणि मग ते अंथरूण पोत्यात भरून थेट ढिगाच्या गाभ्यात घालावं. ढिगाभोवती काट्यांचं कुंपण हवं, कोंबड्यांसाठी आणि रानडुकरांसाठीही. मेलेली कोंबडी त्यात टाकू नये. वासानं कोल्हा येतो, बिबट्याही येऊ शकतो. आणि एका दिवसात चार-पाच कोंबड्या माना टाकून मेल्या तर ढीग, सळई, तणस सगळं बाजूला ठेवून दवाखान्यात कळवायचं. २००६ साली नवापूरला आलेला बर्ड फ्लू २०२५ च्या जानेवारीत ब्रह्मपुरी तालुक्यातही आला होता. तशा वेळी अंथरुणाचं काय करायचं हे आपण ठरवायचं नसतं. पशुसंवर्धन खात्याची माणसं येईपर्यंत ते खुराड्याबाहेरही काढायचं नाही.